रविवारचा फोन: कोकणातल्या घरात रहस्यकथा कशी रचायची

दर रविवारी संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लागला की सासू ओटीवरच्या जुन्या फोनपाशी बसते. नंबर फिरवते, थोडं थांबते आणि थोरल्या मुलाशी बोलते. "जेवलास का? खोकला बरा आहे ना? बरं, ठेवते." थोरला २०१३ साली मुंबईला गेला तो परत घरी आलेला नाही, पण खुशाली कळते, तेवढं घराला पुरतं. धाकटी सून पुण्याहून नुकतीच राहायला आली आहे. एके दिवशी ओटी पुसताना ती सहज रिसीव्हर कानाला लावते. काहीच आवाज नाही. वायरीचा माग काढत ती खळ्यात येते, तर वायर खांबापाशी तुटून करवंदीच्या जाळीत पडलेली. शेजारची काकू म्हणते, "ती होय? निसर्ग वादळात तुटली ती. कोण दुरुस्त करतंय!"

निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी आलं. सून हे ऐकते आहे २०२१ च्या आषाढात. मग वर्षभर सासू कोणाशी बोलते आहे?

या प्रसंगात पोलीस नाहीत आणि प्रेतही नाही, तरी पान उलटावंसं वाटतं. अशा कथेला मी घरगुती रहस्यकथा म्हणते. गुप्तहेराच्या कथेत शोध घेणारा माणूस बाहेरून येतो, उलगडा करतो आणि निघून जातो. इथे शोध घेणारी व्यक्ती त्याच घरात झोपते, त्याच पंगतीला जेवते आणि जिच्यावर संशय आहे तिच्याच हातचा चहा पिते. 'हे कोणी केलं' यापेक्षा 'ज्याच्याबरोबर मी संसार करते तो माणूस मला ठाऊक आहे का' हा प्रश्न तिला जास्त छळतो.

ही कथा पहिल्यांदाच लिहू पाहणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे, आणि हे दापोली तालुक्यातलं काल्पनिक घर शेवटपर्यंत उदाहरण म्हणून वापरणार आहे. सुरुवातीलाच एक विनंती. कोकण आणि रहस्य हे दोन शब्द जवळ आले की नव्या लेखकाचा हात आपोआप भुताकडे जातो. चकवा, देवचार, विहिरीतली बाई. या गोष्टींवर माझं मनापासून प्रेम आहे, त्या ऐकतच मी वाढले. पण भुताला कारण द्यावं लागत नाही, आणि घरगुती रहस्यकथा सगळी कारणांवर उभी असते. मेलेल्या फोनवर बोलणारी बाई झपाटलेली निघाली तर वाचकाची भीती तिथेच संपते. ती पूर्ण शुद्धीत आहे आणि तिला तसं बोलण्याची गरज आहे, हे कळलं की भीती सुरू होते.

पहिली पायरी: घराचा नकाशा काढा

कथानक सुचण्याची वाट बघू नका, आधी घर रेखाटा. खळं, वृंदावन, पायऱ्या, ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मागचं दार, विहीर, तिच्यापलीकडे माड-पोफळीची वाडी, दगडी गडगा, आणि गडग्यापासून समुद्राकडे उतरणारी पायऱ्यांची पाखाडी. आता प्रत्येक जागेपाशी दोन गोष्टी लिहा: इथून काय दिसतं आणि इथे काय ऐकू येतं.

जुन्या कौलारू घरांत खोल्यांमधल्या भिंती पुष्कळदा कौलांपर्यंत नेलेल्या नसतात, वर मोकळं असतं. माजघरात नवरा-बायको कुजबुजले तरी पलीकडे भाकरी थापणाऱ्या बाईच्या कानावर जातं. शहरातल्या फ्लॅटमध्ये हेच साधायला लेखकाला दाराआड पात्र उभं करावं लागतं. इथे सासूला जागचं हलायलाही नको. फक्त भाकरीचा आवाज थांबतो. तो थांबला हे सुनेच्या लक्षात आलं नाही तरी चालेल, वाचकाच्या आलं पाहिजे.

माझ्या आजोळी मागच्या दाराला लाकडी अडसर होता. माजघरात पांघरूण घेऊन पडलं की तो सरकण्याच्या आवाजावरून कोण बाहेर गेलं ते कळायचं. आजी अलगद सरकवायची, मामा एका झटक्यात. एका रात्री तो अलगद सरकला आणि आजी तर माझ्या शेजारी झोपलेली होती. तो कोणी सरकवला होता हे सकाळी कळलं, कारण अगदी साधं होतं. पण त्या रात्रीचे काही क्षण मला आजही जसेच्या तसे आठवतात. तुमच्या घरातला असा एक आवाज शोधा. तो कथेच्या सुरुवातीला दोनदा निरुपद्रवी म्हणून ऐकवा. तिसऱ्यांदा त्याला काम द्या.

पावसाचाही असाच उपयोग करा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत येतो. कौलांवर, पडवीच्या पत्र्यावर त्याचा इतका आवाज असतो की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. नवे लेखक पावसाचा उपयोग वातावरणासाठी करतात, काळे ढग, विजा वगैरे. तो पडद्यासारखा वापरून बघा. दोघं पावसाच्या भरवशावर मोठ्यानं बोलत असतात, एकदम उघडीप होते आणि अर्धं वाक्य सगळ्या घरात ऐकू जातं: "...तोपर्यंत आईच्या सहीशिवाय काही होणार नाही."

दुसरी पायरी: सवयी लिहा, मग एक मोडा

एका वहीत त्या घराचा आठवडा लिहून काढा. बंब कोण पेटवतं, देवाला फुलं कोण आणतं, दूध कुठून येतं, मागचं दार किती वाजता लागतं, पंगतीत कोण कुठल्या पाटावर बसतं. वैशाखात आमसुलं वाळत असतात, आंबोशीचे काप उन्हात असतात, ढग आले की सगळे एकदम धावतात. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण करा. कारण घरात काही बिघडलं आहे हे सांगायला तुमच्याकडे दुसरं साधनच नाही. वर्षानुवर्षं कैऱ्या सोलणारी बाई एके दुपारी सुरी हातात घेऊन नुसती बसून राहिली, तर ज्या वाचकाला तिची सवय माहीत आहे त्यालाच ते खटकेल.

आणि मोडणारी गोष्ट लहान निवडा. पहिल्या प्रकरणात रक्तानं भरलेलं लुगडं सापडलं तर पुढच्या प्रकरणात काय सापडणार? तुटलेली वायर पुरेशी आहे. तिच्यावर आणखी वजन चढवायला जागा उरते.

तिसरी पायरी: कोणाला काय माहीत आहे

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा, आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. वहीचं एक पान आडवं धरा. वर नावं लिहा: सासू, धाकटा मुलगा, सून, शेजारची काकू, आणि शेवटचं नाव वाचक. डाव्या बाजूला कथेतली तथ्यं लिहा. प्रत्येक तथ्यापुढे ते कोणाला, कुठल्या प्रकरणापासून माहीत आहे ते भरा.

आपल्या कथेचं पान असं भरतं. थोरला भाऊ जिवंत नाही: सासूला पहिल्या दिवसापासून माहीत, धाकट्याला माहीत, सुनेला शेवटपर्यंत नाही. फोन बंद आहे: सासूला अर्थातच, धाकट्यालाही, सुनेला पहिल्या प्रकरणात कळतं. आता नवऱ्याच्या रकान्यापाशी थांबा. त्याला फोन बंद असल्याचं माहीत आहे, तरी तो आईला खोटं का पाडत नाही? हा प्रश्न मला स्वतःला हे पान भरतानाच पडला. कथा तिथे जन्मली.

आता एक तथ्य असं हवं की जे वाचकाला कळतं आणि नायिकेला कळत नाही. इथे किनारा आपल्या मदतीला येतो. सुनेनं एकदा सहज विचारलं म्हणून नवरा सांगतो, "नारळी पौर्णिमा होती. जेवण झालं, पिशवी घेतली आणि खडपातून गेला. बाराचा सुमार असेल." डोंगराच्या टोकाखालून खडकांतून जाणारी ही वाट एस.टी.च्या थांब्यापर्यंत जवळची. सड्यावरून, म्हणजे वरच्या पठारावरून गेलं तर तासाभराचा वळसा. सून मान डोलावते. ती पुण्याची आहे.

किनाऱ्यावर वाढलेला वाचक मात्र इथे थबकतो. आपल्याकडे भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. जागेनुसार थोडं मागेपुढे होतं, पण हिशेब ढोबळ मानानं बरोबर येतो. पौर्णिमेला उधाणाची भरती, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढलेलं. त्या दिवशी दुपारी बाराला खडपातली वाट पाण्याखाली असते. त्या वाटेनं कोणी जाऊ शकत नाही. नवरा खोटं बोलतो आहे, आणि काही वाचकांना हे तिसऱ्या प्रकरणातच कळलं. ते पुढची सहा प्रकरणं सुनेला मनातल्या मनात हाका मारत वाचतात.

ज्यांना भरतीचा हिशेब माहीत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी दुसरा धागा सोडा, पण स्वयंपाकाच्या बोलण्यात गुंडाळून. काकू सुनेला कालवांचं कालवण शिकवते आहे. वाटण किती, कोकम कधी घालायचं, आणि मध्येच, "पौर्णिमेला कालवांना जायचं तर आम्ही पहाटे जातो नाहीतर दिवस कलताना. तेव्हाच खडपं उघडी पडतात." पुढचं वाक्य लगेच मिरीचं किंवा मिठाचं. पुरावा लपवायला ही जागा मला सर्वात आवडते. वाचक पाककृती वाचतो आणि पुरावा आपोआप त्याच्या खिशात जातो. सुनेला जेव्हा हे आठवेल तेव्हा त्यालाही आठवेल, आणि तो मागे जाऊन ते पान शोधेल.

एक सावधगिरी: कथेत साल आणि तिथी दिलीत तर पंचांग उघडून तपासा. किनाऱ्यावरचा वाचक भरती चुकलेली माफ करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

चौथी पायरी: कारण कागदावर ठेवा

प्रेम, मत्सर, सूड ही कारणं मोठी आहेत, पण ती धूसर असतात. कोकणातल्या घरात बहुतेक अबोल्यांच्या मुळाशी एक कागद सापडतो: सातबारा. त्यावर सामाईकात लिहिलेली नावं, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचे हिस्से, वारसनोंद राहून गेलेले आजोबा. रहस्यकथा लिहिणाऱ्यानं तलाठ्याकडे जाऊन एकदा स्वतःच्या घराचा सातबारा आणि फेरफार वाचावेत. काही फेरफारांत कादंबरीचं अख्खं प्रकरण दडलेलं असतं.

आपल्या घराच्या सातबारावर तीन नावं आहेत: आई आणि दोन मुलगे. सगळी जमीन एकत्र विकायची तर तिघांच्या सह्या हव्यात. थोरला बेपत्ता. कायदा असा की ज्यांना एखाद्याची खबर सहज लागायला हवी अशा माणसांना सात वर्षं त्याच्याबद्दल काही कळलं नाही, तर तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करण्याची जबाबदारी येते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. थोरला गेला २०१३ च्या नारळी पौर्णिमेला. सात वर्षं पुरी झाली २०२० च्या श्रावणात.

आता रविवारचा फोन पुन्हा आठवा. आईच सांगते आहे की मुलगा दर आठवड्याला बोलतो. मग खबर नाही असं म्हणणार कोण? तो फोन म्हणजे वेडेपणा नव्हताच. ती कडी आहे, आणि ती म्हातारीनं एकटीनं लावून धरली आहे.

इथे अजून एक पीळ आहे आणि तोही कायद्यातूनच येतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता वारला तर आई पहिल्या वर्गातली वारस असते, भाऊ दुसऱ्या वर्गात येतो. म्हणजे थोरला मेला असं ठरलं तर त्याचा हिस्सा आईलाच मिळणार. तरीही ती त्याला जिवंत ठेवते. जिच्यावर वाचकाचा संशय होता तीच स्वतःच्या फायद्याविरुद्ध वागते आहे, हे मध्यावर कळलं की संशयाचं तोंड फिरतं. हिस्सा तिच्या नावावर आला की धाकटा तिच्याकडून सही घेणार, आणि घर जाणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

तुमच्या कथेत मुलगे नसतील, नणंद असेल. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी तो जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. चतुर्थीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे मोदकांच्या ताटाबरोबर हक्कसोडपत्र सरकवलं जातं, सगळे हसत असतात आणि पेन कोणाच्या तरी खिशातून आधीच बाहेर आलेलं असतं. या एका दृश्यात मला शंभर सुऱ्यांपेक्षा जास्त भीती दिसते.

पाचवी पायरी: कोण सांगतंय, आणि कुठल्या क्रियापदात

या प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्यांत एक युक्ती सारखी दिसते. मधूनमधून छोटी, बिननावाची प्रकरणं येतात. कोणीतरी 'मी' बोलत असतो आणि तो पुरुष की बाई हे शेवटपर्यंत कळत नाही. मराठीत ही युक्ती जशीच्या तशी उचलली की पहिल्या वाक्यात फसते. 'मी पाखाडीवर गेलो' किंवा 'मी पाखाडीवर गेले', यातलं काहीतरी एक लिहावंच लागतं आणि रहस्य तिथेच संपतं.

पण मराठीत याला वाटा आहेत, आणि त्या शोधताना मला भाषेचा फार आनंद झाला. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं: 'मी दार लावलं', 'मी कंदील विझवला', 'मी त्याला हाक मारली नाही'. बोलणारा पुरुष की बाई, काही कळत नाही. 'मला दिसलं', 'माझ्या लक्षात आलं', 'मी सांगेन', 'मी जाईन' हेही सुरक्षित. 'आम्ही खडपापर्यंत गेलो' दोघांनाही चालतं. फसवणारी क्रियापदं आहेत ती अशी: जेवणं, बोलणं, विसरणं, पिणं, शिकणं. 'मी विसरले' लिहिलंत की पडदा उडाला. वर्तमानकाळही उघडा पाडतो: जातो, जाते. असं एक पान लिहून बघा. हात आखडतो, वाक्यं तोकडी होतात, आणि तो आखडलेपणाच काहीतरी दडवणाऱ्या माणसासारखा ऐकू येतो.

आपल्या कथेत अशी चार पानं आहेत. पहिलं असं सुरू होतं:

"पाणी चढलेलं होतं. मला दोघंही दिसत होते. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर दोघांपैकी एकानं वळून पाहिलं असतं."

वाचक समजतो की हा नवरा आहे आणि 'दोघं' म्हणजे थोरला भाऊ आणि आणखी कोणी. शेवटी कळतं की ही आई आहे. ती पाखाडीच्या वरच्या पायरीवर उभी होती आणि तिला दोन्ही मुलगे दिसत होते. लेखकानं एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. हा नियम मी कसोशीनं पाळते: कथक गप्प बसू शकतो, पण वाचकाच्या कानात खोटं सांगू शकत नाही. खोटं फक्त संवादात, दुसऱ्या पात्राला तोंडावर.

आता नवऱ्याचं बोलणं. मराठीत फुटणं आणि फोडणं, लागणं आणि लावणं, तुटणं आणि तोडणं, बुडणं आणि बुडवणं अशा जोड्या आहेत. पहिल्या रूपात कर्ता नाहीसा होतो. घरात आपण रोज असंच बोलतो: कप फुटला, दूध उतू गेलं, दार लागलं. कोणी केलं हे विचारायची सोयच राहत नाही. ज्याला लपवायचं आहे त्याच्या तोंडी हीच क्रियापदं घाला. "भांडण झालं. आवाज वाढले. मग दादा गेला." आणि हे 'गेला' तर पाहा. गावाला गेला, आणि वारला, दोन्हीला आपण 'गेला'च म्हणतो. पहिल्या वाचनात त्यात मुंबई दिसते. पुस्तक संपल्यावर पुन्हा वाचलं की तेच वाक्य कबुलीजबाब वाटतं. असा शब्द आपल्याला भाषेनं फुकट दिला आहे, तो जपून, एकदोनदाच वापरा.

'म्हणे' विसरू नका. "तो मुंबईला असतो म्हणे," असं काकू म्हणाली तर तिनं माहिती दिली आणि स्वतःचे हातही झटकले. गावाचा संशय दाखवायला तीन परिच्छेद लागत नाहीत, एक 'म्हणे' पुरतं.

आणि संबोधनं. सून सासूला 'आई' म्हणते. संशय वाढत जातो तसं 'आई' कमी करा, नुसतं 'तुम्ही' राहू द्या. "आई, चहा ठेवू?" ऐवजी "तुम्ही चहा घेणार?" भांडणाचा एकही शब्द न लिहिता अंतर पडतं. सासूच्या ते लक्षात येतं आणि ती काही बोलत नाही, हेही लिहा.

सुनेचं स्वतःचंही काही दडवलेलं असावं. आपली सून सुरुवातीला सांगते, "पुण्याचा कंटाळा आला होता." खरं आहे ते, पण अर्धं. पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते थकलेत आणि जमिनीला गिऱ्हाईक तिनंच शोधलं आहे. निष्पाप नायिका फक्त घाबरू शकते. जिचाही हात थोडा मळलेला आहे तिला निवड करावी लागते.

सहावी पायरी: तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही तेव्हा

एखाद्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं इतक्यांदा नाकारायचं की शेवटी त्याचाच स्वतःवरचा भरवसा उडावा, याला आता मराठीतही गॅसलायटिंग म्हणतात. हा शब्द १९३८ च्या एका इंग्रजी नाटकावरून आला. त्यात नवरा बायकोला ती भ्रमिष्ट होत चालली आहे असं पटवत राहतो, आणि घरातले गॅसचे दिवे मंद होण्यावरून त्याचं कपट उघडं पडतं. शब्द नवा असला तरी वागणं आपल्या घरांना अनोळखी नाही, आणि ते लिहिताना खलनायकी सुराची गरज पडत नाही. "अगं, तुला झोप नाही नीट." "वायर ना? कालच तर बोलली आई, मी होतो इथे." "तुला गावची सवय नाही, होतं असं." प्रत्येक वाक्य काळजीचं आहे. काळजीच्या सुरातच ते लिहा, एकही वाक्य मोठ्या आवाजात नको.

ही गोष्ट हलक्या हातानं वापरू नये असं मला तळमळीनं वाटतं. तुमच्या वाचकांत अशी एखादी असेल जिच्यावर हे रोज होतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाच मानतो. म्हणून शेवटच्या पानावर 'तिलाच भास होत होते' असा उलगडा करू नका. आणि खलपुरुषाला मनोरुग्ण ठरवून मोकळे होऊ नका. आपला धाकटा मुलगा वेडा नाही, क्रूरही नाही. त्यानं एका क्षणी हात पुढे केला नाही आणि नंतरची आठ वर्षं तो क्षण झाकत राहिला.

सातवी पायरी: घर भरा, घर रिकामं करा

घरगुती रहस्यकथेला घड्याळ लागतं. कोकणात ते आयतं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, किनारा ओस. मग श्रावण, नारळी पौर्णिमा, आणि पाठोपाठ चतुर्थी. आपली कथा आषाढात सुरू होते आणि सुनेला गणपतीच्या आधी उत्तर हवं असतं, कारण गणपतीला चुलतभाऊ, जावा, पोरं असं सगळं घर भरणार, गिऱ्हाईकही येणार आणि सगळ्यांसमोर प्रश्न येणार: थोरला का आला नाही?

रिकामं घर भीतिदायक असतं हे सगळ्यांना माहीत आहे. भरलेल्या घराची भीती वेगळी, तिच्याकडे फारसं कोणी वळत नाही. वीस माणसं माजघरात ओळीनं झोपली आहेत आणि सुनेला नवऱ्याला एकच गोष्ट विचारायची आहे. कुठे विचारणार? न्हाणीपाशी रांग, विहिरीवर जावा, खळ्यात पोरं. तीन दिवस तो प्रश्न तिच्या तोंडात राहतो आणि ती आरत्या म्हणत राहते.

भोंडल्याच्या गाण्यांतली सून आठवा. तिला माहेरी जायचं असतं आणि सासू प्रत्येक वेळी नवं काम पुढे करते. लांबवणं कसं करायचं ते आपल्या बायकांनी फेर धरून केव्हाच शिकवून ठेवलं आहे: दर कडव्यात दार उघडेलसं वाटतं आणि अडवणारं कारण आधीपेक्षा थोडं अधिक अशक्य होतं. प्रकरणांचे शेवट असेच बांधा. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस दारावर थाप आणि किंकाळी नको. एखादं साधं काम अर्ध्यावर तुटू द्या.

आठवी पायरी: उलगडा

इन्स्पेक्टरला बोलावू नका. माझ्या पहिल्या कथेत मी बोलावला होता, त्यानं तीन पानं सगळं समजावून सांगितलं आणि घर मेलं. घरातलं गुपित घरातल्याच माणसानं, हातात काहीतरी काम असताना सांगावं.

सासू विळीवर बसली आहे, पडवळ चिरते आहे. सून समोर कुळीथ निवडते आहे. बाहेर पाऊस. सुनेला कालवांच्या दिवशीचं काकूचं वाक्य आठवलं आहे आणि तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयावर मागच्या पौर्णिमा बोटानं मोजल्या आहेत.

"आई, त्या दिवशी खडपात पाणी होतं ना?"

बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून 'आई' आलं आहे. सासू विळीवरचा हात थांबवत नाही.

"पौर्णिमेला दुपारी पाणीच असतं गो."

एवढंच. पुढे स्पष्टीकरण लिहायचा मोह होईल, तो आवरा. वाचकाकडे भरती आहे, फोन आहे, सातबारा आहे, 'मी हाक मारली नाही' आहे. तो जोडेल. थोडी फट राहिली तर राहू द्या, फक्त पुरावा आधी दिलेला असला पाहिजे.

मग पुन्हा सगळी संहिता वाचा, पण यावेळी सासूच्या बाजूनं. प्रत्येक प्रसंगात तिला विचारा, तुला आत्ता काय माहीत आहे आणि तू हे का बोललीस. जिथे ती फक्त वाचकाला फसवण्यासाठी काही बोलली असेल ते वाक्य काढून टाका. नंतर नवऱ्याच्या बाजूनं वाचा, मग काकूच्या. माझ्या वहीत काकूच्या रकान्यात सुरुवातीला काहीच नव्हतं. तिसऱ्या वाचनात मला जाणवलं की रोज खडपांत जाणाऱ्या बाईला फक्त ती वेळ कानावर येण्याचा अवकाश, बाकी सगळं तिनं केव्हाच जोडलं असणार, आणि कालवण शिकवतानाचं ते वाक्य तिनं मुद्दाम सोडलं होतं. ते वाक्य बदलावं लागलं नाही. त्याच्या आधी मी फक्त तिला एकदा दाराकडे बघायला लावलं.

आता शेवटचं दृश्य. गणपती गेले, घर रिकामं झालं, रविवारची संध्याकाळ आहे. दिवा लागला आहे. फोन अजून तिथेच आहे, वायर अजून करवंदीत. सुनेला सगळं कळलं आहे, हप्ते अजून थकलेले आहेत, नवरा खळ्यात उभा आहे. सासू आज माजघरातून उठत नाही. रिसीव्हर कोण उचलतं, हे दृश्य तुम्ही लिहा, आणि ते लिहिताना 'मी' वापरलात तर क्रियापद जपून निवडा.